करार खरा आहे की फोटोपुरता, हे कसं ओळखायचं (टीप: मागून वाचा)

हवामानाची परिषद संपली की फोटो येतो. नेते रांगेत उभे, हात वर, खाली हेडलाईन: ऐतिहासिक करार. गेल्या दोनतीन वर्षांत तसाच फोटो एआयच्या परिषदांचाही यायला लागलाय. मग लगेच दुसऱ्या बाजूचे लोक येतात की अहो हे सगळं नाटक आहे, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. दोघांचंही ऐकून मला एवढंच वाटतं की करार उघडून कोणीच बघितलेला नाही, बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं की यात दम आहे का नाही.

तर ही ती दहा मिनिटांची पद्धत (पहिल्यांदा तास लागेल, मग सवय होते). वकील असायची गरज नाही, मीही नाहीये. मूळ मजकूर लागतो, तो बहुतेक वेळा संयुक्त राष्ट्रांच्या साईटवर फुकट मिळतो, आणि थोडा चिकटपणा लागतो.

पुढचं सगळं कशासाठी सांगतोय ते आधीच सांगून टाकतो. हवामान आणि तंत्रज्ञान दोन्ही करारापेक्षा जोरात पळतात. वाटाघाटींना पाच, दहा, कधी वीस वर्षं लागतात आणि तोवर ज्या वस्तूवर भांडण चाललं होतं ती वस्तूच बदललेली असते. म्हणून किती देशांनी सही केली हे मी शेवटी बघतो. आधी बघतो की उद्या परिस्थिती बदलली तर हा करार स्वतःची दुरुस्ती करू शकतो का, आणि त्यासाठी परत सगळ्यांच्या पाया पडावं लागणार का.

मागून सुरुवात करा

करार हातात आला की लोक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि तिथेच झोप येते, कारण पहिली दोन-तीन पानं प्रस्तावनेची, 'लक्षात घेऊन', 'चिंता व्यक्त करून', 'पुनरुच्चार करत' वगैरे. मी सुरुवातीला असे कित्येक तास घालवलेत. ते सोडा. थेट शेवटच्या पाच-सहा कलमांवर जा. करार कधी अंमलात येणार, बाहेर कसं पडायचं, बदल कसा करायचा, मतदान आहे का नाही, सगळं तिथे कंटाळवाण्या भाषेत लिहिलेलं असतं आणि खरा करार तोच.

उदाहरण घ्या अणुचाचणी बंदीचं. सीटीबीटी १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत मंजूर झाला, आणि आजही अंमलात नाही. का, तर शेवटच्या भागात अट आहे की यादीतल्या ४४ देशांनी, एकूणएक, मंजुरी दिली पाहिजे. म्हणजे ४४ पैकी एकाने पाय आडवा घातला की संपलं. २०२३ मध्ये तर रशियाने दिलेली मंजुरी परत घेतली. ज्याने ते कलम १९९६ ला नीट वाचलं असेल त्याला त्याच दिवशी कळलं असणार की हे भिजत घोंगडं राहणार.

आता उलटं. चेर्नोबिल झालं २६ एप्रिल १९८६ ला. अणुअपघात झाला तर शेजाऱ्यांना लगेच कळवायचं, हा करार त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंजूर झाला आणि ऑक्टोबरमध्ये अंमलातही आला. सहा महिने! मागणी छोटी होती (फक्त 'कळवा'), अंमलात यायची अट सोपी होती, आणि भीती ताजी होती.

खोल समुद्राचा करार, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्यातली जीवसृष्टी वाचवायचा, ह्या दोघांच्या मधला. चर्चा जवळपास दोन दशकं चालली, जून २०२३ मध्ये मंजूर झाला, ६० देशांची मंजुरी ही अट होती (कुठलेही ६०, नावं ठरलेली नाहीत, हे महत्त्वाचं), ती सप्टेंबर २०२५ ला पुरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ ला करार लागू झाला.

म्हणजे पहिलं काम: सही, मंजुरी आणि अंमल ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं करा. सही म्हणजे साखरपुडा. मंजुरी त्या देशाच्या संसदेने किंवा सरकारने द्यायची (परिषदेत करार 'मंजूर' होतो ते वेगळं, तिथे फक्त मजकूर पक्का होतो). आणि पुरेशा मंजुऱ्या जमल्या की अंमल. बातमीत तिन्हीला सर्रास 'करार झाला' म्हणतात. मे २०२५ मध्ये महामारीचा करार जागतिक आरोग्य सभेत मंजूर झाला तेव्हाही तीच हेडलाईन होती, पण विषाणूंचे नमुने कोणी द्यायचे आणि बदल्यात लस कोणाला किती मिळणार ह्याचं परिशिष्ट तेव्हा बाकी होतं, आणि ते मंजूर झाल्याशिवाय करार सहीला खुलाच होत नाही अशी रचना आहे. सगळं भांडण परिशिष्टात, फोटो मुख्य करारासोबत.

मग क्रियापदं शोधा

हे फार पटकन होतं. इंग्रजी मजकुरात सर्च मारा, 'शॅल' किती वेळा आणि 'शुड' किती वेळा. शॅल म्हणजे करावंच लागेल, शुड म्हणजे केलं तर बरं. २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत अगदी शेवटच्या दिवशी लक्षात आलं की श्रीमंत देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात शॅल पडलाय. तो तसाच राहिला असता तर अमेरिकेला करार सिनेटकडे न्यावा लागला असता, आणि तिथे तो मेलाच असता. मग ती टायपिंगची चूक म्हणून इतर किरकोळ दुरुस्त्यांसोबत वाचून दाखवली आणि शॅलचा शुड झाला. एका शब्दावर अख्खा करार लटकला होता. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये कोळशाचं तेच, 'बंद करणे'चं 'कमी करणे' शेवटच्या तासाभरात झालं.

पण एक सावध करतो. शॅल दिसला म्हणून लगेच खूश होऊ नका. क्योटो करारात (पॅरिसच्या आधीचा हवामान करार) शॅल होता, आकडे होते, चुकलात तर राहिलेली कपात पुढच्या टप्प्यात ३० टक्के वाढवून भरायची अशी शिक्षाही होती. कॅनडाचं गणित जमेना तेव्हा त्यांनी २०११ च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडायची नोटीस दिली, विषय संपला. शिक्षा फक्त आत बसलेल्याला, आणि दार उघडं. म्हणून क्रियापदं बघून झाली की लगेच बाहेर पडायचं कलम बघायचं. पॅरिसच्या २८ व्या कलमात सुरुवातीची तीन वर्षं नोटीसच देता येत नाही आणि दिल्यावर एक वर्ष थांबावं लागतं, म्हणून ट्रम्प यांनी २०१७ ला घोषणा करूनही अमेरिका प्रत्यक्षात बाहेर पडली ४ नोव्हेंबर २०२० ला. फेब्रुवारी २०२१ ला परत आत आली. दुसऱ्या वेळी ती तीन वर्षांची अट उरलीच नव्हती त्यामुळे जानेवारी २०२५ ची नोटीस आणि वर्षभरात बाहेर.

आता मुख्य मुद्दा, दुरुस्तीचं कलम

इथे जास्त वेळ द्या. आणि इथे एकच करार नीट समजून घेतला तरी पुरे, माँट्रियल प्रोटोकॉल, १९८७.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते, की फ्रीज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंनी ओझोनचा थर विरळ होत होता, जगाने एकत्र येऊन ते वायू बंद केले, शाब्बास. पण १९८७ ला जे ठरलं ते अगदीच मिळमिळीत होतं हो. सीएफसी निम्म्यावर आणायचे, तेही शतकाच्या शेवटापर्यंत. तेवढ्यावर थांबले असते तर ओझोन वाचला नसता. वाचवलं ते दुसऱ्या कलमाच्या नवव्या पोटकलमाने, जे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. त्यात असं आहे की यादीत आधीच असलेल्या वायूंच्या कपातीचा वेग वाढवायचा असेल तर नवीन करार नको, देशोदेशीच्या संसदांकडे परत जायला नको. बैठकीत ठरवा, एकमताचा प्रयत्न करा, नाहीच झालं तर दोन तृतीयांश मतांनी ठरवा, आणि सहा महिन्यांत ते सगळ्यांना लागू. ज्याने विरोधात मत दिलं त्यालाही. गरीब देश आणि श्रीमंत देश दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत लागतं, म्हणजे कोणी कोणाला चेपू शकत नाही.

मग काय झालं बघा. १९९० ला लंडनमध्ये बसले, निम्म्यावरून थेट शून्य, २००० पर्यंत. १९९२ ला कोपनहेगनमध्ये बसले, श्रीमंत देशांसाठी तीच तारीख १९९६ वर आणली. विकसनशील देशांना २०१० पर्यंत वेळ. पर्यायी वायू स्वस्तात मिळायला लागले तसा करार कडक होत गेला. आणि काय शक्य आहे हे सांगायला करारातच तंत्रज्ञांची कायमची समिती बसवलेली, त्यात कंपन्यांतलेच लोक, ज्यांना खरोखर माहीत की कुठल्या मशीनमध्ये काय बदलता येतं.

अगदी नवीन वायू यादीत घालायचा असेल तर मात्र रीतसर दुरुस्ती आणि मंजुऱ्या लागतात. सीएफसीच्या जागी आलेले एचएफसी ओझोनला काही करत नाहीत पण पृथ्वी तापवतात भयानक, त्यांच्यासाठी २०१६ ला किगालीत दुरुस्ती झाली, ती २०१९ पासून लागू. म्हणजे ओझोनसाठी केलेला करार तीस वर्षांनी हवामानाचं काम करायला लागला. असा करार मला दुसरा माहीत नाही.

तर तुमच्या हातातल्या करारात हे शोधा: आकडे आणि याद्या मुख्य मजकुरात कोरल्यात की परिशिष्टात ठेवल्यात? परिशिष्ट बदलायला काय लागतं? बैठका किती वर्षांनी? तंत्रज्ञांची समिती कायमची आहे का अहवाल देऊन घरी जाणारी? एवढ्या चार उत्तरांवर मी करार टिकेल का नाही ह्याचा अंदाज बांधतो, आणि फारसा चुकत नाही.

एकमत की मतदान

हा दुरुस्तीचाच भाऊ. हवामानाच्या मूळ कराराच्या (१९९२ चा, ज्याच्याखाली क्योटो आणि पॅरिस झाले) कार्यपद्धतीत मतदानाचा नियम, नियम ४२, आजतागायत मंजूर झालेला नाही, म्हणून गेली तीस वर्षं सगळं एकमताने चालतं. एकमत ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ सगळ्यात कमी घाई असलेला देश वेग ठरवणार. प्लास्टिकच्या करारात हेच पुन्हा घडताना दिसलं. २०२२ च्या मार्चमध्ये नैरोबीत ठरलं की २०२४ संपेपर्यंत करार करू, दक्षिण कोरियातल्या बुसानला झाला नाही, ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात दहा दिवस बसूनही झाला नाही. उत्पादनच कमी करा म्हणणारे बरेच देश एका बाजूला आणि फक्त कचऱ्याचं बोला म्हणणारे तेल उत्पादक दुसऱ्या बाजूला, आणि मतदान घ्यायचं का नाही ह्यावर अगदी सुरुवातीलाच वाद होऊन मतदानाचा नियम ३८ वादात लटकलेला. खोल समुद्राच्या करारात मात्र धडा घेतलेला दिसतो, तिथे संरक्षित क्षेत्र ठरवताना एकमत नाही झालं तर तीन चतुर्थांश मतांची सोय आहे.

मोजतो कोण

२०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की सीएफसी-११ हवेतून ज्या वेगाने कमी व्हायला हवा तसा होत नाहीये, २०१२ नंतर कुठेतरी कोणीतरी नव्याने सोडतंय. कागदोपत्री उत्पादन शून्य होतं! पुढच्या वर्षी कोरिया आणि जपानमधल्या हवेच्या नोंदींवरून माग लागला पूर्व चीनपर्यंत, तिथून कारवाई झाली आणि उत्सर्जन परत खाली आलं. देश स्वतःहून जे आकडे देतात त्यावर विसंबून राहिले असते तर हे कधी कळलंच नसतं.

म्हणून विचारायचं, मोजणारा आणि करणारा एकच आहे का? असेल तर चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या. इथे तंत्रज्ञानाचा खरा फायदा झालाय, मिथेनची गळती आता उपग्रहातून दिसते, कुठल्या विहिरीतून, कुठल्या पाईपमधून, एवढं. आणि गंमत बघा, तो सीटीबीटी अंमलात नाही पण त्याची मोजणी यंत्रणा जगभर चालू आहे, भूकंपमापक, समुद्रातले मायक्रोफोन, हवेतल्या किरणोत्सारी कणांचे नमुने, उत्तर कोरियाच्या चाचण्या तिने पकडल्या आणि तिचा डेटा त्सुनामीच्या इशाऱ्यालाही वापरतात. करार झोपलेला आणि त्याचं यंत्र जागं.

पैसे आणि बाहेर राहण्याची किंमत

पैशाबद्दल थोडक्यात. आकडा बघू नका, तीन गोष्टी बघा: तो अनुदान आहे का कर्ज, वाटप कोण ठरवतं, आणि मुदत कधीची. २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले, तो आकडा ओईसीडीच्याच (श्रीमंत देशांची संघटना) हिशोबाने गाठला २०२२ ला, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग कर्ज. बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ ला नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. माँट्रियलच्या निधीच्या समितीत १४ जागा, सात विकसित, सात विकसनशील. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे भांडणं खूप कमी झाली असं माझं मत.

बाहेर राहिलात तर काय होतं हेही बघा. माँट्रियलच्या चौथ्या कलमाने करारात नसलेल्या देशांशी त्या वायूंचा व्यापारच बंद केला, म्हणून शेवटी जगातला एकूणएक देश आत आला. हवामानात असं काही नव्हतं, म्हणून युरोपियन युनियनने एकट्यानेच सुरू केलं: सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना जेवढा कार्बन सुटला त्यावर आकारणी, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज ह्यांच्यावर, जानेवारी २०२६ पासून लागू. चालतं का? दबाव येतो हे नक्की. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेला नियम आणि मोठ्या गिऱ्हाईकाने एकट्याने लावलेली अट ह्यात फरक आहे, आणि मोजमापाचा खर्च गरीब देशातल्या छोट्या कारखान्याला जास्त बसतो. ह्यावर ते देश चिडले तर मला आश्चर्य वाटत नाही.

आता हीच फूटपट्टी एआयला लावून बघा

नोव्हेंबर २०२३, ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कची एआय परिषद. २८ देश आणि युरोपियन युनियन, अमेरिका आणि चीन एका कागदावर. मागून वाचा म्हटलं तर मागे काहीच नाही, कारण ते घोषणापत्र आहे, त्याला अंमल नाही, बाहेर पडणं नाही, काही नाही. फेब्रुवारी २०२५ ला पॅरिसच्या एआय परिषदेच्या निवेदनावर अमेरिका आणि ब्रिटनने सहीच केली नाही. युरोप परिषदेचा (ही युरोपियन युनियनपेक्षा वेगळी संघटना) एआय करार सप्टेंबर २०२४ ला सहीला खुला झाला, तो मात्र कायदेशीर करार आहे, पण व्याप्तीचं कलम वाचलं तर राष्ट्रीय सुरक्षा बाहेर ठेवलीय, म्हणजे ज्याची सगळ्यात जास्त धास्ती तेच वगळलं.

लोक म्हणतात एआयसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेसारखी (देशोदेशीचा अणुसाठा तपासणारी) संस्था काढा. मला ती तुलना अर्धवटच पटते. युरेनियम वजन करता येतं, त्याला कुलूप लावता येतं, सॉफ्टवेअरची कॉपी पेनड्राईव्हवर जाते. मोजायचंच असेल तर चिप मोजा, कारण सगळ्यात बारीक चिप बनवायला लागणारं अतिनील किरणांचं मशीन जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. अशी अरुंद जागा सापडली तर मोजणी शक्य होते. आज तिच्यावर निर्यातबंदीचं राजकारण चालतं, सहकार्य नाही, हा भाग वेगळा.

युरोपियन युनियनच्या एआय कायद्यात एक गोष्ट मला आवडली. मोठं मॉडेल कुठलं हे ठरवायला त्यांनी प्रशिक्षणाला लागलेल्या गणनांचा आकडा धरलाय, दहाचा पंचविसावा घात. हा आकडा शिळा होणार हे लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं, म्हणून तो बदलायचा अधिकार युरोपियन आयोगाला (युनियनचं कार्यकारी मंडळ) दिलाय, अख्खा कायदा परत संसदेत न नेता. माँट्रियलचीच युक्ती. ऑगस्ट २०२५ ला संयुक्त राष्ट्रांनी ४० शास्त्रज्ञांचं एआय मंडळ करायचं ठरवलं, तेही योग्य दिशेने आहे, फक्त अहवालाला पुढे कुठल्या बैठकीत दात फुटणार ते अजून दिसत नाही.

कंटाळवाणं सहकार्य शोधा

हे शेवटचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. मोठे करार अडकले की सहकार्य संपलं असं वाटतं, पण खाली छोट्या समित्या चालूच असतात. तारायंत्राच्या नियमांसाठी १८६५ मध्ये निघालेली संघटना आज उपग्रहांच्या फ्रिक्वेन्सी आणि कक्षा सांभाळते, मधल्या काळात दोन महायुद्धं झाली. देवीच्या रोगाच्या निर्मूलनाचा प्रस्ताव १९५८ ला सोव्हिएत युनियनने मांडला, पुढे अमेरिकन आणि सोव्हिएत दोघं एकत्र राबले, शीतयुद्ध ऐन भरात असताना, आणि १९८० ला देवी संपली. २००४ च्या त्सुनामीत हिंदी महासागराला इशारा यंत्रणाच नव्हती, पॅसिफिकला होती. पुढच्या वर्षी काम सुरू झालं आणि २०११ पासून ऑस्ट्रेलिया, भारत आणि इंडोनेशिया मिळून बाकीच्या देशांना इशारे देतात. मोठी आपत्ती आली की अंतराळ संस्था एकमेकांना आणि त्या देशाला उपग्रह चित्रं फुकट देतात, ही व्यवस्था २००० पासूनची. सगळ्यांत सारखं काय, तर मागणी छोटी, डेटा सामायिक, आणि रोज वापर. रोज वापरात असलेली गोष्ट मोडायला राजकारण्यांनाही जड जातं.

म्हणून बातमी वाचून झाली की त्या विषयातली अशी एखादी कंटाळवाणी समिती शोधा आणि तिचा शेवटचा बैठक-अहवाल उघडा. तो गेल्या वर्षभरातला असेल तर अजून जीव आहे.

आणि फोनमध्ये एक रिमाइंडर लावा, करार मंजूर झाला त्या तारखेपासून बरोब्बर एक वर्ष. त्या दिवशी फक्त मंजुऱ्यांचा आकडा बघायचा. प्लास्टिकवाल्यांची पुढची बैठक लागली की भाषणं सोडा, आधी नियम ३८ चा वाद मिटला का ते बघा.